मूल जेवत नाही : सुगीच्या दिवसांतील झटपट व सकस स्वयंपाक

“आमचे मूल जेवतच नाही” ही तक्रार खेड्यात घरोघर ऐकू येते. सुगीच्या दिवसांत ती विशेष वाढते. पहाटे उठून गुरांचा चारापाणी करावा, दिवसभर काढणी किंवा मळणीच्या कामात राबावे आणि दिवेलागणीला घरी यावे, असा त्या दिवसांतील शेतकरी स्त्रीचा क्रम असतो. चूल पेटविल्यापासून पाने मांडीपर्यंत तिच्या हाती जेमतेम अर्धा तास उरतो. तेवढ्यात भाकरी थापावयाच्या, कालवण करावयाचे आणि शेवटी तीन वर्षांच्या मुलाने दोन घास घेऊन तोंड फिरवावयाचे. दमलेली आई मग त्याच्या हाती बिस्किटाचा पुडा देते. ‘काहीतरी पोटात गेले’ एवढेच समाधान.

हा प्रश्न एखाद्या हट्टी मुलापुरता मर्यादित नाही. सन २०१९–२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील दर १०० मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण शेकडा सुमारे ६९ होते. ही सर्व मुले भूमिहीनांच्या घरची असतील असे समजण्याचे कारण नाही. खळ्यावर ज्वारी, तूर व भुईमूग येतो अशा घरांतूनही मूल वाळत असेल, तर दोष केवळ धान्याच्या तुटवड्याचा नाही. घरात असलेले धान्य मुलाला खाता येईल अशा रूपात व योग्य वेळी त्याच्या ताटात येत नाही, हेही त्याचे कारण होय. धान्याचे रूप बदलले आणि खाण्याची वेळ बदलली, तर स्वयंपाक वाढत नाही, उलट पुष्कळदा कमी होतो.

मूल का खात नाही?

जन्मतः सुमारे ३ किलो वजनाचे मूल वर्षाअखेर साधारणपणे ९ किलोंचे होते. म्हणजे पहिल्या वर्षात त्याचे वजन तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र त्यात अडीच किलोंच्या आतबाहेरच भर पडते. वाढीचा वेग मंदावला की भूकही त्या मानाने उतरते. आईला वाटते, काल-परवापर्यंत बरे खात होते, आता काय झाले? फारसे काही झालेले नसते. याच सुमारास, म्हणजे दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान, अनोळखी पदार्थ तोंडात न घालण्याची वृत्ती मुलांत निसर्गतःच येते. नवा पदार्थ एकदा नाकारला म्हणजे तो कायमचा नाकारला असे नव्हे. तोच पदार्थ आठ-दहा वेळा, काही मुलांच्या बाबतीत त्याहूनही अधिक वेळा, थोडा थोडा पानात पडल्यावर मूल तो चाखू लागते. बहुतेक घरांतून दोन-तीन वेळांनंतरच “त्याला पालेभाजी आवडत नाही” असा निकाल दिला जातो आणि मग ती भाजी त्याच्या पानात पुन्हा येतच नाही.

दातांचाही विचार करावयास हवा. दुधाच्या सर्व दाढा पुऱ्या येण्यास सुमारे अडीच वर्षे लागतात. तव्यावरून उतरून दोन तास झालेली ज्वारीची भाकरी अशा मुलाला चावत नाही. त्यावर घरातील थोरांच्या चवीचे झणझणीत कालवण असेल, तर मुलाने तोंड फिरविणे हे समजूतदारपणाचेच म्हणावे लागेल.

परंतु सर्वांत मोठे कारण जेवणाच्या आधीच घडून गेलेले असते. मुलाचा दिवस सकाळपासून नीट पाहावा. उठल्याबरोबर कपात बुडविलेली दोन बिस्किटे आणि चहा. नऊ वाजता दुकानातून आणलेला पाच-दहा रुपयांचा पुडा. दुपारी अंगणवाडीतील खिचडी, तीही अर्धवट. चार वाजता कुणा पाहुण्याने दिलेल्या वेफर्स आणि सायंकाळी पुन्हा चहा. आठ वाजता पान वाढले जाते, तेव्हा मुलाला भूकच नसते. मैदा, साखर आणि तेल यांनी पोट भरते. परंतु त्यांत प्रथिने थोडी आणि लोह नाममात्र. चहातील तुरट द्रव्ये तर जेवणातील लोह शरीरात शोषले जाऊ देत नाहीत. म्हणून लहान मुलास चहा देऊच नये. दुभत्याच्या घरी याच्या उलट चूक दिसते. मूल जेवत नाही म्हणून त्याला दिवसभर दूध पाजले जाते. दूध उत्तम अन्न आहे, पण अर्ध्या लिटरच्या वर गेले की ते भाकरी-डाळीची जागा घेते. आणि दुधात लोह जवळजवळ नसते.

एकाच पातेल्यातील जेवण

मुलासाठी वेगळा स्वयंपाक करावा असे सुचविणे सुगीच्या दिवसांत निरर्थक होय. ते कोणी करीत नाही व करूही शकत नाही. सर्वांचे अन्न एकाच पातेल्यात शिजवावे आणि तिखट घालण्यापूर्वी मुलाचा वाटा काढून घ्यावा, ही रीत अधिक सोयीची. तिखट-मसाल्याची फोडणी कढईत वेगळी करून थोरांच्या वाट्यावर वरून ओतली की काम झाले.

ज्वारीच्या कण्या व मूगडाळ यांची खिचडी या दृष्टीने पहिल्या क्रमांकाची समजावी. ज्वारी गिरणीत जाडसर भरडून पीठ चाळून घेतले की कण्या उरतात. आठवड्याच्या कण्या एकदमच भरडून आणाव्यात. शेतातून आल्याबरोबर दोन वाट्या कण्या व एक वाटी सालीची मूगडाळ धुऊन भिजत घालावी, आणि मग हातपाय धुऊन गुरांचे पाहावे. तेवढ्यात अर्धा तास होतो व कण्या भिजतात. मग जिरे, हळद व लसूण यांची तेलात फोडणी करून त्यात चिरलेला लाल भोपळा किंवा गाजर, मूठभर चिरलेली पालेभाजी, भिजलेल्या कण्या-डाळ, मीठ आणि सुमारे बारा वाट्या पाणी घालून कुकर लावावा. पाच-सहा शिट्ट्या पुरतात. तांदळाच्या खिचडीपेक्षा कण्यांना पाणी व वेळ दोन्ही अधिक लागतात. हे लक्षात न घेतल्यास कण्या कचकचीत राहतात आणि पहिल्याच दिवशी घरातील सर्वजण त्यांना नावे ठेवतात. उतरविल्यावर मुलाच्या वाट्यात चमचाभर तूप किंवा तेल आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा. भोपळ्यातील व पालेभाजीतील ‘अ’ जीवनसत्त्वाचा पूर्वद्रव्यरूप भाग स्निग्ध पदार्थावाचून अंगी लागत नाही. आणि लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे धान्य-डाळीतील लोह अधिक शोषले जाते. लिंबू चुलीवर असताना पिळू नये, कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होते.

कण्या आणि डाळ एकत्र घालण्यामागे केवळ चवीचा विचार नाही. तृणधान्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो. डाळीत तो भरपूर असतो, पण डाळीत मेथिओनिन उणे असते व ते धान्यात मिळते. एकाचे उणे दुसरे भरून काढते. नुसत्या भाकरी-ठेच्यावर थोर माणूस कसाबसा निभावतो. वाढत्या मुलाचे त्यावर भागत नाही.

दुसरा पदार्थ म्हणजे वरणफळे. यालाच कोठे चकोल्या असेही म्हणतात. तुरीची डाळ कुकरमध्ये शिजत असतानाच तीन भाग गव्हाचे व एक भाग हरभऱ्याचे पीठ मीठ-हळद घालून घट्ट भिजवावे. ज्वारीचे पीठ घालावयाचे झाल्यास थोडेच घालावे, नाही तर पोळी लाटताना फाटते. शिजलेली डाळ घोटून, पुरेसे पाणी व गूळ-आमसूल घालून उकळी आणावी, लाटलेल्या पोळीचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापून त्यात एकेक सोडावेत आणि दहा मिनिटे शिजू द्यावेत. वेगळी भाकरी नाही, वेगळे कालवण नाही. मुलांना हा पदार्थ आवडण्याचे एक साधे कारण आहे. तुकडा हाताने उचलता येतो. जे स्वतःच्या हाताने उचलता येते ते मूल अधिक खाते, मग अंगावर थोडे सांडले तरी चालेल. ज्या घरी अंडी चालतात तेथे उकळत्या आमटीत एक अंडे फोडून ढवळावे. त्यातून ६ ग्रॅम उत्तम प्रथिने मिळतात.

थालीपिठाची भाजणी महाराष्ट्रातील गृहिणींना शिकविण्याची गरज नाही. मात्र ती सणावारी किंवा पाहुण्यांसाठी करावयाची वस्तू आहे हा समज सोडावयास हवा. १ किलो ज्वारी, अर्धा किलो बाजरी, अर्धा किलो हरभराडाळ, पाव पाव किलो उडीद, गहू व तांदूळ आणि १०० ग्रॅम धणे वेगवेगळे भाजून दळून ठेवले, तर सुगीचे दोन आठवडे निश्चिंत जातात. ऐनवेळी त्यात चिरलेली मेथी, तांदुळजा किंवा शेवग्याचा पाला, किसलेला दुधी अथवा शिजवून कुस्करलेला भोपळा घालून पीठ सैलसर मळावे. भोपळ्यामुळे थालीपीठ दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. मुलासाठी तळहाताएवढे वेगळे लावावे. मधले भोक त्याला स्वतः बोटाने पाडू दिले तर ते थालीपीठ बहुधा संपते.

सकाळच्या घाईत ज्वारीच्या पिठाची ताकातील उकड दहा मिनिटांत होते. पीठ ताकात गुठळी न राहील असे कालवून जिरे-लसणाच्या फोडणीत ओतावे व सारखे ढवळावे. नाचणी पिकते तेथे हाच प्रकार नाचणीचा करावा. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमहून अधिक चुना असतो, दुसऱ्या कोणत्याही नित्याच्या धान्यात इतका नाही. सन २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा शहरांत ज्वारी-नाचणीची बिस्किटे महागड्या वेष्टनांत विकली गेली. ज्यांनी ती धान्ये पिकविली, त्यांच्या मुलांनी मैद्याची बिस्किटे खावीत, हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

पुड्याच्या जागी काय द्यावे?

चार वाजता मुलाला भूक लागते ही गोष्ट खरी आहे व त्या वेळी काही द्यावयासही हवे. लहान मुलाचे पोट लहान असते, त्यामुळे तीन जेवणांखेरीज एक-दोन वेळा खाऊ आवश्यक होय. येथे भुईमूग उपयोगी पडतो. मूठभर, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम शेंगदाण्यांत ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात; संख्येने ती एका अंड्याइतकी झाली, गुणवत्ता काहीशी उणी असली तरी. भाजलेले दाणे कुटून गुळात वळलेले लाडू आठ दिवस टिकतात. चार-पाच वर्षांखालील मुलास अख्खे दाणे कधीही देऊ नयेत. दाणा श्वासनलिकेत अडकून मूल गुदमरण्याची भीती असते. त्याचप्रमाणे बुरशी आलेले, काळपट किंवा सुरकुतलेले दाणे निवडून टाकून द्यावेत, कारण अशा दाण्यांतील अफलाटॉक्सिन हे विष भाजल्याने पूर्णपणे जात नाही. हे दाणे ‘घरात खपवू’ म्हणून बाजूस ठेवण्याची प्रथा घातक आहे. केळे, पेरू, वाफवलेले रताळे, मोड आणून वाफवलेली मटकी हेही चांगले खाऊ आहेत. खाऊ आणि जेवण यांमध्ये मात्र दोन तासांचे अंतर असावे व त्या काळात पाण्याखेरीज काही देऊ नये. हा एकच नियम पंधरा दिवस पाळला तरी निम्मी तक्रार मिटते.

पानावर बसल्यावर

मुलाला काय व केव्हा वाढावे हे थोरांनी ठरवावे. किती खावे हे त्याने ठरवावे. तोंड दाबून भरविलेला घास पोटात जातो, परंतु त्या पदार्थाविषयीची नावड वर्षानुवर्षे टिकते. “भाजी खा, मग गोळी देतो” असे म्हणणेही चुकीचे. त्यामुळे भाजी ही शिक्षा व गोळी हे बक्षीस ठरते. एकदोन वर्षांच्या मुलाला आईच्या आहाराच्या साधारण निम्मे अन्न लागते, म्हणून पान भरून वाढू नये. थोडे वाढावे व मागितल्यास पुन्हा द्यावे.

भाजी चिरून थालीपिठात लपविण्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आजच्या रात्रीपुरता तो उपाय चांगला आहे, पण लपविलेली भाजी मूल ओळखावयास शिकत नाही. म्हणून चमचाभर पालेभाजी उघडपणेही पानात असावी. खाल्ली तर बरे, न खाल्ली तर त्यावर चर्चा करू नये.

चिऊचा घास, काऊचा घास करीत भरविण्याची जुनी पद्धत पुष्कळांना कालबाह्य वाटते. तिच्या जागी हल्ली मुलापुढे मोबाइल ठेवला जातो. चिऊ-काऊच्या घासात मूल भरविणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत असे व पोट भरले की मान हलवीत असे. मोबाइलकडे पाहणाऱ्या मुलाला आपण काय खातो व किती खातो याचे भान राहत नाही. जुनी पद्धत अधिक चांगली होती, एवढेच म्हणता येईल. त्याहूनही परिणामकारक उपाय म्हणजे घरातील सर्वांनी एकत्र बसणे. पुरुषमंडळी आधी, मुले मधेच कधीतरी आणि आई सर्वांत शेवटी, अशी जेथे पंगत असते तेथे आई पालेभाजी खाते हे मुलाला कधी दिसतच नाही. आणि शेवटी बसणाऱ्या आईच्या वाट्याला ती पुष्कळदा उरतही नाही.

खळ्यावर घ्यावयाचा निर्णय

येथवरचा भाग गृहिणीच्या हातचा झाला. यापुढचा शेतकरी बंधूंच्या हातचा आहे. तूर डिसेंबर-जानेवारीत खळ्यावर येते व सारीच्या सारी बाजारात जाते. मग जून-जुलैत घरची डाळ संपून ती दुकानातून पावशेरीने आणली जाते. माणशी दररोज ४० ग्रॅम इतका माफक हिशेब धरला तरी पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षास ७३ किलो डाळ लागते. शंभर किलो तुरीपासून साधारण ७० ते ७५ किलो डाळ पडते, म्हणजे एक क्विंटल तूर घरी राखली की वर्षाची बेगमी झाली. मूग किंवा हरभरा घरचा असेल तर तूर त्या मानाने कमी राखावी. विक्रीपूर्वीच हे पोते बाजूस काढावे. विक्रीनंतर काढू म्हटल्यास ते निघत नाही. सोयाबीन पिकविणाऱ्यांनी दळणाच्या ज्वारीत दहावा हिस्सा सोयाबीन मिसळण्यास हरकत नाही. मात्र ते आधी उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवून, वाळवून व भाजून घ्यावे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे घटक असतात.

बांधावर किंवा मोरीच्या सांडपाण्यावर शेवग्याची दोन झाडे प्रत्येक घरी असावीत. कोकण रुचिरा किंवा पी.के.एम.-१ या जातींची रोपे पावसाळ्याच्या आरंभी लावावीत व छाटणी करून झाड हाताच्या उंचीवर ठेवावे. उंच वाढलेल्या शेवग्याच्या शेंगा काठीने काढता येतात, पण रोजच्या मूठभर पाल्यासाठी कोणी झाडावर चढत नाही. शेजारी हादगा, चवळी व लाल भोपळ्याचा वेल लावल्यास भाजीसाठी बाजारवारावर अवलंबून राहावे लागत नाही.

हट्ट नसून आजार असेल तर

प्रत्येक न जेवणारे मूल हट्टी समजू नये. लागोपाठ दोन महिने वजन वाढले नाही, दंडाचा घेर १२.५ सेंटिमीटरच्या खाली गेला, पायांवर सूज दिसली, किंवा ताप व हगवण हटेना, तर पाककृती सांगत बसणे चुकीचे ठरेल. अशा मुलास विनाविलंब अंगणवाडी सेविका किंवा आशा कार्यकर्ती यांच्यामार्फत प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. दंड ११.५ सेंटिमीटरहून कमी भरल्यास ते तीव्र कुपोषण होय. पोटातील जंतांनीही भूक मरते. शाळा व अंगणवाडीतून वर्षातून दोनदा देण्यात येणारी जंतनाशक गोळी चुकवू नये.

प्रात्यक्षिकाविषयी

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी या विषयावर भाषण करण्याऐवजी स्वयंपाक करून दाखवावा. सकाळी अकराची वेळ ठरवू नये. त्या वेळी ज्यांच्यासाठी प्रात्यक्षिक आहे त्या स्त्रिया शेतात असतात व सभेला रिकामी मंडळीच येतात. सायंकाळी सहानंतर, बचत गटातील एखाद्या भगिनीच्या घरी, तिच्याच चुलीवर व तिच्याच डब्यातील धान्य वापरून कण्यांची खिचडी करावी. शहरातून आणलेले पनीर किंवा सुकामेवा तेथे नेऊ नये. तो पाहिल्यावर ‘हे आपले काम नव्हे’ अशी स्त्रियांची खात्री होते. सासूबाईंना आग्रहाने बोलवावे, कारण दुपारी नातवंडाच्या हाती पुडा देणारा हात बहुधा त्यांचाच असतो. दाण्याचे लाडू करण्याचे काम त्यांच्याकडे सोपविल्यास ते उत्तम होते. घड्याळ सर्वांना दिसेल असे ठेवावे आणि कुकर लागल्यापासून पान वाढीपर्यंत किती मिनिटे लागली ते मोजावयास लावावे. मुलांना आधी खेळू द्यावे, त्या सायंकाळी दुकानाकडे पाठवू नये, आणि खिचडी तयार झाल्यावर सर्वांना एका ओळीत बसवून लहान वाट्यांत वाढावे. जे मूल खाणार नाही त्याची वाटी त्याच्यापुढे तशीच राहू द्यावी. पुढील आठवड्यात त्या घरी जाऊन कण्या भरडून आणल्या काय, एवढेच विचारावे.